नोकरी चालू असताना पुढं शिकायचं का? पैसे भरायच्या आधी एवढं करून बघा

दरवर्षी अप्रायझलची लेटरं हातात पडली की आमच्या कॅन्टीनमध्ये हा विषय निघतोच. कुणाचे चौदाशे वाढलेले असतात, कुणाचे नऊशे, आणि समोरच्या टेबलावर तो बीईवाला पोरगा बसलेला असतो ज्याला सहा महिन्यांपूर्वी आपणच मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकवलं आणि त्याची ग्रेड मात्र आपल्यापेक्षा एकनं वर. मग कुणीतरी म्हणतं, "चला राव, डिग्री करूनच टाकू." चहा संपेपर्यंत तीन कोर्सची नावं निघतात, दोन एजंटांचे नंबर निघतात, आणि महिन्याभरात त्यातला एखादा खरंच पैसे भरून येतो. मीपण एकदा असाच भरून आलो होतो, २०१६ ला, ३८ हजार रुपये. ते पुढं सांगतो.

मी डिप्लोमा मेकॅनिकल, मूळचा बार्शीकडचा, राहायला मोशीला आणि कामाला चाकणला, क्वालिटीत. सध्या नोकरी करतच डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यामुळे मी शिकू नका असं सांगणारा नाही आणि शिकाच असंही नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण सगळे सुरुवातच "कोणता कोर्स करू?" इथून करतो आणि तो प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटचा आहे. त्याच्या आधीचे प्रश्न सोडवताना काही महिने जातात, पैसे जवळपास लागत नाहीत.

पहिलं काम, एका कागदावर हे वाक्य लिहा: "माझ्याकडे अमुक कागद नाही म्हणून मला तमुक मिळत नाही." आणि ते तमुक नीट भरा. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिथं "मान" असं लिहिलं होतं. बायकोनं वाचलं आणि विचारलं, डिग्री झाल्यावर तो तुझा साहेब तुला अरेतुरे करायचा थांबणारे का? नाही थांबणार. तो बीटेकवाल्यांनाही अरेतुरेच करतो. म्हणजे माझा राग साहेबावर होता आणि मी तो कॉलेजला फी भरून काढायला निघालो होतो. असे खूप जण असतात, खोटं नाही सांगत. कंपनी बदलून सुटणारा प्रश्न असेल तर कंपनी बदला, ते स्वस्त पडतं.

दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: "डिग्री नाही म्हणून मला सप्लायर क्वालिटीच्या जागेचा इंटरव्ह्यू कॉल येत नाही." सप्लायर क्वालिटी म्हणजे बाहेरून पार्ट पुरवणाऱ्यांची क्वालिटी बघायचं काम. हे वाक्य चालेल. हे तपासून बघता येतं.

आता हे खरंच कागदामुळे अडलंय का कामच येत नाही म्हणून अडलंय, हे शोधायचं. इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा. मी काय केलं, नोकरीच्या वेबसाइटवरनं मला ज्या जागेवर जायचं होतं तसल्या तीसएक जाहिराती काढल्या आणि वहीत रेघा ओढत बसलो. फक्त बीई-बीटेक मागणाऱ्या किती, डिप्लोमा किंवा बीई म्हणणाऱ्या किती, आणि शिक्षण सोडून बाकी काय मागतात. बघतो तर डिप्लोमा चालेल म्हणणाऱ्या माझ्या समजुतीपेक्षा बऱ्याच जास्त होत्या, आणि अर्ध्याहून जास्त जाहिरातीत पीपीएपी (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत), जीडी अँड टी (ड्रॉइंगवरची मापं-टॉलरन्सची खुणांची भाषा), सप्लायर ऑडिट असल्या गोष्टी मागितलेल्या, ज्यातली ऑडिटची बाजू मला धड येत नव्हती. म्हणजे अर्धं कुलूप कागदाचं, अर्धं कामाचं. कामाचं कुलूप डिग्रीनं उघडत नाही. ते मी आमच्याच कंपनीत दोन वर्षं सप्लायर व्हिजिटला मागंमागं फिरून शिकलो, फुकट, वर चहा-नाश्ता त्यांचाच.

मग एचआर. तोंडी विचारू नका, तोंडी सगळे "हो हो, नक्की कन्सिडर करू" म्हणतात. साधा तीन ओळींचा मेल टाका: या ग्रेडला किमान शिक्षण काय लागतं, पार्टटाइम किंवा दूरशिक्षणातली डिग्री धरता का, आणि नोकरीत असताना डिग्री पूर्ण झाली तर ग्रेड आपोआप बदलते का जागा रिकामी झाली तरच. हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि माती तिथंच होते. माझ्या लाइनवरचा एक जण चार वर्षं घासून डिग्री घेऊन आला, पेढे वाटले, सर्टिफिकेटची झेरॉक्स एचआरला दिली. उत्तर आलं की तुम्ही डिप्लोमावर जॉइन झालात, आपल्याकडे मध्ये क्वालिफिकेशन बदलायची पॉलिसी नाही, रेकॉर्डला लावून ठेवतो. लावून ठेवलं. पुढं त्यानं दुसरी कंपनी धरली तेव्हा ती डिग्री कामाला आली, म्हणजे वाया गेली नाहीच, पण त्यानं चार वर्षं "इथंच प्रमोशन होईल" म्हणून दुसरीकडे अर्जच केले नव्हते हो.

जाहिराती आणि एचआरनंतर विचारायचा माणूस म्हणजे ज्या खुर्चीवर तुम्हाला बसायचंय तिच्यावर आत्ता बसलेला. त्याला फक्त विचारा, तू इथं कसा आलास. निम्म्या वेळा उत्तर ऐकून तुमचा प्लॅनच बदलतो.

सरकारी नोकरीचं गणित मात्र वेगळं, तिथं जाहिरातीतला शब्द न् शब्द पकडतात. राज्यसेवेला कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, मुक्त विद्यापीठाचीसुद्धा, त्यामुळे बारावीनंतर कामाला लागलेल्या माणसाला मुक्त विद्यापीठातून बीए करणं हा अगदी सरळ रस्ता आहे. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत मात्र कितीतरी वेळा "फुल टाइम रेग्युलर" असं छापलेलं असतं, तिथं बाहेरून केलेली डिग्री घेऊन भांडत बसण्यात अर्थ नाही. आणि तुम्ही आधीच सरकारी नोकरीत असाल तर प्रवेश घेण्याआधी ऑफिसची लेखी परवानगी काढा, नंतर काढायला गेलं की सर्व्हिस बुकात नोंद करताना त्रास होतो.

आता वेळ. हे मी एका रद्दी रिजेक्शन रिपोर्टच्या पाठीमागं लिहिलं होतं, कागद अजून आहे. आठवड्याचे तास १६८. झोप सात तासांनी ४९. शिफ्ट साडेआठ तास गुणिले सहा, ५१. जाणं-येणं दिवसाला दोन तास धरून १२, आणि हे तळेगाव चौकात अडकलो नाही तर. आंघोळ-जेवण वगैरे साडेसतरा. घरचं, म्हणजे भाजी, गॅस, पोराचा अभ्यास, रविवारी कुणाकडे तरी जाणं, १४. उरले साडेचोवीस तास. मला वाटलं भरपूर आहेत की! मग मोबाइलचा स्क्रीन टाइम उघडला तर आठवड्याला १८ तास. म्हणजे उरलेल्यातले बहुतेक आधीच तिथं चालले होते, आणि ते पूर्ण थांबतील असं समजू नका, दमलेला माणूस थोडा वेळ रील बघणारच.

दुसरी गोष्ट, सगळे तास सारखे नसतात. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात दिवसा झोपून उठल्यावर माझं डोकं म्हणजे नुसता दगड, त्या आठवड्याचे मी शून्य धरतो. डोकं चालतं तेवढेच तास मोजा.

आणि समोर किती लागतात? इग्नूसारख्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरतात. दोन वर्षांचा मास्टर्स ८० क्रेडिटचा धरला तर २४०० तास, दोन वर्षांचे १०४ आठवडे, म्हणजे आठवड्याला २३ तास. झालं, सगळे संपले! प्रत्यक्षात लोक एवढा अभ्यास करत नाहीत हे मलाही माहितेय, पण इग्नूत दोन वर्षांचा मास्टर्स चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो, ती सवलत कशासाठी आहे ते या हिशोबावरून कळतं. चार वर्षांत पसरला की आठवड्याला साडेअकरा तास. नोकरीवाल्या माणसानं पहिल्यापासूनच तीन-चार वर्षांचा बेत केला तर फॉर्म भरून दोन पेपर दिले आणि सोडलं असं होत नाही.

हे सगळं कागदावर बरं दिसलं तरी लगेच फी भरू नका, आधी ट्रायल घ्या. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्समधला, आपल्या विषयातला १२ आठवड्यांचा कोर्स घ्या, 'स्वयम' या सरकारी पोर्टलवर मिळतो. शिकायला फुकट, परीक्षेला बसायचं असेल तरच हजाराच्या आसपास फी, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची त्यामुळे घरबसल्या कॉपीचा प्रश्न नाही. दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिची शेवटची तारीख म्हणजे तारीख, गयावया चालत नाही. बारामधल्या चांगल्या आठ धरतात, त्यांना २५ टक्के वजन, परीक्षेला ७५. मी पहिल्यांदा जानेवारीच्या बॅचला बसलो. चार आठवडे एकदम झकास. पाचव्याला कस्टमर ऑडिट, सहाव्याला थर्ड शिफ्ट, सातव्याला गावाकडे लग्न, आणि आठव्या आठवड्यात मी तो ॲप उघडायलाच घाबरत होतो. सुटला. पण काय कळलं, की माझा अभ्यास शिफ्ट बदलली की मोडतो. जुलैच्या बॅचला मी फक्त पहाटे साडेचार ते सहा हीच वेळ धरली आणि थर्ड शिफ्टच्या आधीच्या आठवड्यात पुढचे व्हिडिओ बघून ठेवायला लागलो. पास झालो. मार्क काही सांगण्यासारखे नव्हते. पण डिग्रीला बसायचा निर्णय मी खरं तर त्या दिवशी घेतला, कॉलेजचं माहितीपत्रक बघून नाही.

ट्रायलमध्ये दोनदा सुटलं तर? तर तुम्ही आळशी आहात असं नाही, एवढंच की आत्ताची शिफ्ट, आत्ताचं घर आणि हा विषय असं एकत्र जमत नाहीये. तिन्हीतलं एक बदलल्याशिवाय फी भरू नका.

आता कागदाच्या खरेपणाचं, म्हणजे माझ्या ३८ हजारांचं. २०१६ ला एका कन्सल्टन्सीवाल्यानं मला गाठलं. दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ, "काम करत करत इंजिनिअरिंगची डिग्री, परीक्षेला फक्त या, बाकी आम्ही बघतो." आता विचार केला तर हे वाक्य ऐकूनच पळायला पाहिजे होतं, पण तेव्हा मला ते सोयीचं वाटलं. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, अभिमत विद्यापीठांनी मंजुरी न घेता दूरशिक्षणातून वाटलेल्या इंजिनिअरिंग डिग्र्यांवर, आणि त्यात तांत्रिक शिक्षण असं पत्राद्वारे देता येणार नाही हे स्पष्ट झालं. आमच्या कन्सल्टन्सीच्या ऑफिसच्या जागी तोवर मोबाइल कव्हरचं दुकान आलं होतं. पावती अजून आहे माझ्याकडे, शिक्का एकदम सुंदर.

तर लक्षात ठेवायचं असं. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर, लॉ यांच्या डिग्र्या दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन मिळत नाहीत, कुणी कितीही लॅमिनेटेड कागद दाखवू दे. बाकीच्या विषयांसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) दूरशिक्षण ब्यूरोच्या साइटवर जायचं आणि फक्त विद्यापीठाचं नाव बघून परत यायचं नाही, तुमचा कोर्स आणि तुमचं प्रवेशाचं सत्र दोन्ही तिथं आहे का बघायचं, कारण परवानगी कोर्सनिहाय असते. अशा मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन डिग्र्या नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीच्या आहेत असं यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेलं आहे. अर्थात खासगी कंपनीचा एचआर त्याच्या पॉलिसीप्रमाणेच चालतो, म्हणून तर वर तो मेल टाकायला सांगितला. आणि विद्यापीठाच्या खात्यात थेट पैसे भरता येत नसतील, मध्ये कुणाच्या तरी नावावर गुगल पे करायचं असेल, तर विषय संपला.

एएमआयईचं, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या बाहेरून द्यायच्या परीक्षेचं, नाव अजून बरेच सीनियर काका लोक सुचवतात, प्रेमानं सुचवतात. त्यांच्या काळात तो खरंच चांगला रस्ता होता. पण बीईच्या बरोबरीची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे, त्यामुळे आता नवीन माणसानं त्या भरवशावर बसू नये.

मग डिप्लोमावाल्यांनी करायचं काय? २०२३-२४ पासून एआयसीटीईनं (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) नोकरदारांसाठी वेगळी सोय काढली आहे. मान्यता असलेल्या कॉलेजात, संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळेला वर्ग, किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, नोकरीची जागा कॉलेजपासून ठराविक अंतरात पाहिजे, आणि डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. मी त्यातूनच करतोय. कॉमर्सवाल्यांचं थोडक्यात सांगतो: सीए करायचं म्हणजे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आली, नवीन योजनेत ती दोन वर्षांची आहे आणि ती करताना चालू नोकरी धरून ठेवता येत नाही, तर सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) नोकरी सांभाळून करणारे भरपूर आहेत. अकाउंट्समधल्या आमच्या ताई तेच करतायत, एक ग्रुप निघाला, दुसरा लोंबकळतोय.

पैशाचा हिशोब करताना लोक फक्त फी धरतात. माझा आकडा दाखवतो. तीन वर्षांची फी दोन लाख दहा हजार. पेट्रोल महिना हजार, म्हणजे ३६ हजार. पुस्तकं, परीक्षा फॉर्म, प्रोजेक्टचं बाइंडिंग वगैरे १४ हजार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. मला महिन्याला साडेचार हजारांचा ओटी सुटायचा, संध्याकाळी वर्ग म्हटल्यावर तो गेला, छत्तीस महिन्यांचे एक लाख बासष्ट हजार. टोटल चार लाख बावीस हजार. डिग्रीनंतर ज्या जागा मला दिसतात तिथं हातात साधारण नऊ हजार जास्त मिळतील. भागाकार केला तर ४७ महिने, म्हणजे चार वर्षं. मी चौतिसाव्या वर्षी पास होणार, अडतिसाव्या वर्षी पैसे वसूल, पुढं वीस वर्षं नोकरी. जमतंय. हाच हिशोब आमच्या टूलरूममधल्या एका सीनियरनं केला, वय ४९, आणि त्यानं त्याच पैशात पोरीचा डिप्लोमा केला. त्याचा निर्णय माझ्यापेक्षा शहाणपणाचा होता असं मला वाटतं.

कर्ज काढणार असाल तर एक गोष्ट, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची टॅक्स सूट जुन्या रेजिममध्येच मिळते, नवीन रेजिम घेतली असेल तर तो हिशोब खोडा. कंपनी फी देणार असेल तर बाँड वाचा. किती वर्षं थांबायचं यापेक्षा मध्येच त्यांनी तुम्हाला काढलं तर पैसे कुणी भरायचे, ही ओळ शोधा.

घरी कधी सांगायचं? फॉर्म भरायच्या आधी, आणि परवानगी मागितल्यासारखं नाही तर काम वाटून घेतल्यासारखं. मी बायकोला तो रिजेक्शन रिपोर्टच दाखवला. तिनं पेन घेतलं आणि "घरचं १४" खोडून २० केलं. "आजारपणं कोण धरणार?" म्हणाली. बरोबर होतं. उरलेले तास साडेअठरा झाले आणि म्हणूनच मी आधी डोक्यात असलेला त्याच वर्षीचा दुसरा सर्टिफिकेट कोर्स रद्द केला. एकाच वेळी दोन कोर्स करायला यूजीसीची २०२२ पासून परवानगी आहे, पण घरात अजून नाही.

ऑफिसात सांगताना मी चुकलो ते सांगून ठेवतो. आमच्या तेव्हाच्या मॅनेजरनं शब्द दिला होता की तीन वर्षं तुला जनरल शिफ्टच देतो. माणूस चांगला, शब्दाचा पक्का, फक्त दहा महिन्यांत नोकरी सोडून गेला. नवीन साहेबाला काहीच माहीत नव्हतं, तिसऱ्या सेमिस्टरला मला परत रोटेशनमध्ये टाकलं आणि माझी हजेरी ढासळली. तेव्हापासून मी शब्द मिळाला की त्याच दिवशी मेल टाकतो, "आज बोलल्याप्रमाणे अमुक अमुक, धन्यवाद साहेब," कॉपी एचआरला. समोरच्यानं उत्तर नाही दिलं तरी चालतं, तारखेसकट लेखी राहतं.

आणि फॉर्म भरायच्या आधी शिफ्ट बदलून देणारा एक माणूस ठरवून ठेवा. परीक्षेचं टाइमटेबल उशिरा येतं, तेव्हा साहेब सुट्टी देईलच असं नाही, पण शेजारच्या लाइनवरचा कुणीतरी "तू माझी दिवाळीची सेकंड कर, मी तुझे पेपर सांभाळतो" म्हणणारा असेल तर गाडी चालते. माझ्या अशा तीन दिवाळ्या झाल्या सेकंड शिफ्टला. रात्री सव्वाबाराला घरी येऊन थंड चकली खाल्ली आहे.